माळढोक, मेंढरे आणि नान्नजचे कुरण

आपल्या वार्षिक स्मरणिकेत इतिहासविषयक लेख बहुधा सुभेदार मल्हारराव होळकर अथवा पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांच्याविषयी असतात, आणि ते तसे असणे योग्यच आहे. चौंडीसारख्या खेड्यात १७२५ साली जन्मास आलेल्या कन्येने माळव्याचा कारभार कसा चालविला, हे प्रत्येक पिढीने नव्याने वाचले पाहिजे. तथापि ज्या जमिनीच्या आधारावर आपल्या सामान्य पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे जगविली, त्या जमिनीचा इतिहास आजवर आमच्या वाचनात आला नाही. माळाला दप्तरात ‘पडीक’ म्हणतात, आणि पडिकास इतिहास तो कसला असणार, अशी सर्वांची समजूत दिसते. सोलापूरजवळील नान्नजच्या माळाची गेल्या पन्नास वर्षांतील हकीकत ही समजूत चुकीची ठरविण्यास पुरेशी आहे. म्हणून ती ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

नान्नज हे गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, सोलापूरहून बार्शीकडे जाताना सुमारे वीस किलोमीटरवर आहे. ओढ्यानाल्यांच्या कडेस काळी जमीन आणि वर चढावे तसतसा मुरमाड, वीतभर मातीचा माळ, अशी तिकडची ठेवण. पाऊस बेताचा, तोही लहरी. अशा जमिनीत झाड मोठे होत नाही, परंतु गवत उत्तम होते. नव्हे, गवत हेच या जमिनीचे मूळ पीक होय. माळास विसावा मिळत असेल तर त्यावर पवन्या, मारवेल यांसारखी कसदार गवते टिकतात. विसावा न देता वर्षानुवर्षे चराई झाली की ही गवते आधी जातात, मागे कुसळ राहते, आणि पुढे कुसळही विरळ होऊन उघडा मुरूम दिसू लागतो. मेंढक्याला हे कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही. मेंढराच्या लोकरीत अडकलेली कुसळे पाहून रानाची पत सांगणारे वृद्ध आम्ही लहानपणी पाहिले आहेत.

या माळाचा मानकरी म्हणजे माळढोक. आपल्याकडे त्यास हूम असेही म्हणतात, कारण विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून ‘हूम्’ असा घोगरा, दूरवर ऐकू जाणारा आवाज काढतो. उभा राहिला की उंची सुमारे एक मीटर, आणि नराचे वजन दहा-पंधरा किलो. उडू शकणाऱ्या जगातील सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. मादी पावसाळ्यात उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. घरटे नाही, आडोसा नाही, असेल तो गवताचाच. तेव्हा गवत गेले की अंडे कोल्ह्याच्या, कावळ्याच्या, कुत्र्याच्या व मेंढराच्या खुराच्या स्वाधीन झाले.

हा पक्षी एके काळी किती विपुल होता याची कल्पना एका नोंदीवरून येते. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, एकट्याने ९६१ माळढोक मारले. एका माणसाच्या बंदुकीची ही संख्या. यानंतर १९६९ साली भावनगरच्या घराण्यातील पक्षितज्ज्ञ धर्मकुमारसिंहजी यांनी सबंध भारतातील माळढोकांचा अंदाज केला तो १,२६० भरला. दीडशे वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात जितके एका शिकाऱ्याने मारले, जवळपास तितकेच आता साऱ्या देशात उरले होते! हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असे डॉ. सलीम अली यांचे मत होते. परंतु १९६३ साली तो मान मोरास मिळाला.

केवळ बंदुकीने हे झाले असे मात्र म्हणता येत नाही. माळ कमी झाला, हे खरे कारण. आणि त्याचा आरंभ पुष्कळ जुना आहे. मराठी राज्यात घोडदळासाठी कुरणे राखून ठेवीत असत. ठरावीक महिने कुरण बंद, नंतर गवताची कापणी, मग चराई, असा तो क्रम होता. इंग्रजी अमलात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड याने इंदापूर तालुक्यात नवी जमीन-पाहणी सुरू केली. सारा हलका झाला व त्या योगे पुष्कळ पडीक जमीन नांगराखाली आली. शेतकऱ्यास हा दिलासाच होता, त्यास आम्ही वाईट म्हणत नाही. पण पडीक म्हणून जी जमीन नांगरली गेली ती कोणाच्या तरी कळपाची चराई होती, हे कोणत्याही तक्त्यात मांडले गेले नाही. पुढे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने गावच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली. तेच आपले गायरान. तरतूद चांगली होती. मात्र तीत ‘गावची गुरे’ असे धरलेले होते. दिवाळीनंतर वाडा उचलून दोन-तीन जिल्हे ओलांडणाऱ्या मेंढराचे गाव कोणते, हा प्रश्न तेव्हा सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही.

याप्रमाणे चराईची रानें आखूड होत गेली, आणि उरलेल्या रानावर सर्व कळपांचा भार पडला. येथे आपण आपला दोषही मान्य केला पाहिजे. उरलेला माळ आपण विसावा न देता चारला. कोवळे गवत लवकर यावे म्हणून उन्हाळ्यात माळास काडी लावणारेही आपल्यांत होते. लांडग्याची पिले बिळातच मारण्यात पुरुषार्थ मानणारेही होते. निरुपाय होता, असे यावर उत्तर देता येईल आणि ते बव्हंशी खरेही आहे. तथापि माळ उघडा पडण्यात आमच्या खुरांचा वाटा नव्हता असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही.

१९७२ चा दुष्काळ वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेलच. त्या वेळी आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. खडी फोडण्याच्या कामावर मिळणारी सुकडी व लाल मिलोची भाकरी यांची चव अद्याप जिभेवर आहे. आमच्या घरची निम्म्याहून अधिक मेंढरे त्या साली गेली. काही विकली, काही वाटेतच बसली ती उठली नाहीत. या दुष्काळानंतर, १९७३-७४ पासून, केंद्र सरकारने अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रम हाती घेतला. सोलापूर जिल्हा त्यात आला. मोकळ्या माळाचे काही तुकडे निवडून त्यांभोवती चर खणावयाचे, आत समपातळीवर नाल्या काढून पाणी जिरवावयाचे, चराई बंद ठेवावयाची आणि गवत वाढवावयाचे, अशी योजना होती. नान्नज येथेही असे तुकडे बंद करण्यात आले. हेतू चाऱ्याचा व मातीचा होता. पक्ष्याचा विचार त्यात कोणीही केलेला नव्हता.

चराई बंद झालेल्या अशाच एका तुकड्याची आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. गावाचे नाव येथे देत नाही. दुष्काळातून वाचलेली मेंढरे घेऊन आमचे वडील संध्याकाळी परतत असता दहा-बारा मेंढरे चर ओलांडून आत शिरली. राखणदाराने ती कोंडवाड्यात घातली. सोडवून आणण्यासाठी त्यांतलीच एक मेंढी विकावी लागली. वडिलांस त्या गोष्टीचा राग अखेरपर्यंत होता. परंतु दोन पावसाळ्यांनंतर त्याच चराच्या काठाशी उभे राहून, आतील मांडीभर उंच गवत वाऱ्याने हलताना पाहून ते म्हणाले, “ह्यो माळ आसाच हुता. आमच्या चुलत्यानं बघितलाय.” रागही खरा होता आणि हे बोलणेही खरे होते. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय नान्नजचा इतिहास कळत नाही, असे आम्हांस वाटते.

नान्नजच्या बंद तुकड्यांत गवत परतले, आणि गवतामागोमाग टोळ, नाकतोडे, भुंगे परतले. त्यांच्या मागे चंडोल, तित्तर, ससे, खोकड, काळवीट. आणि माळढोकही. सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी या भागातील माळढोकांकडे जाणत्यांचे लक्ष वेधले आणि त्यांच्या रक्षणासाठी पाठपुरावा केला. अखेर १९७९ साली शासनाने माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर केले.

क्षेत्रफळ ऐकून वाचक चकित होतील. ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि नगर जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदे, नेवासे अशा तालुक्यांचा त्यात समावेश होता. गावे, पेठा, सडका, रेल्वे, विहिरी, उसाचे फड, सारे अभयारण्यात. प्रत्यक्ष राखलेले गवत त्या मानाने मूठभर. पक्षी दूरवर हिंडतो म्हणून क्षेत्र मोठे धरले, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे ज्याने माळढोक कधी डोळ्यांनी पाहिलाही नाही अशा शेतकऱ्याच्या जमिनीच्या व्यवहारावर बंधने आली, आणि पक्ष्याचे नाव काढताच लोकांच्या कपाळास आठ्या पडू लागल्या. मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे हेच घडले. तेथेही माळढोकासाठी अभयारण्य केले, जमिनी लोकांच्या आणि बंधने सरकारची. काळविटांनी पिके खाल्ली, लोक चिडले आणि नव्वदच्या दशकात माळढोक तेथून नाहीसा झाला. नान्नजच्या अभयारण्याचे क्षेत्र पुढे कमी करण्यात येऊन ते १,२२२ चौरस किलोमीटर ठरले. परंतु तोवर तीस वर्षांचे मनोमालिन्य होऊन चुकले होते.

आता या लेखातील मुख्य मुद्द्याकडे वळतो. ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी व त्यांचे सहकारी यांनी नान्नज, करेरा आणि आंध्रातील रोळ्ळपाडू या ठिकाणी राहून माळढोकाचा अभ्यास केला. त्यातून या पक्ष्याची जी राहणी उघड झाली ती मेंढपाळाने ध्यानात घेण्याजोगी आहे. नर नाचावयास येतो तो उंचवट्याच्या, आखूड गवताच्या उघड्या जागी. कारण त्याला दूरवरून दिसावयाचे असते व मादीने पाहावयाचे असते. मादी अंडे घालते ती मात्र थोड्या उंच, न तुडविलेल्या गवतात. खाण्यासाठी दोघेही टोळ, भुंगे टिपत माळावर फिरतात आणि भुईमूग, हरभरा यांच्या शेतांतही उतरतात. म्हणजे या पक्ष्यास चरलेला माळ हवा, राखलेले कुरणही हवे आणि कोरडवाहू शेतही हवे. तिन्ही एकमेकांस लागून हवीत. थोडा वेळ विचार करता लक्षात येईल की, ज्या काळी कुरणे पाळीपाळीने राखली जात, कळप येऊन पुढे जात आणि शेतात मेंढरे बसवून लेंडीखत होत असे, त्या काळचा दख्खनचा माळ नेमका असाच होता. माळढोकासाठी तो कोणी केलेला नव्हता. मेंढरू, घोडा आणि ज्वारी यांच्यासाठी जे चाले त्यातच त्याचेही चालून जाई.

अभयारण्याने यांतील एकच भाग उचलला, तो बंदीचा. बंदीने गवत आणले हे आम्ही वर कबूल केले आहेच. परंतु बंदीच्या बाहेर काय झाले? १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने झाले. सोलापूरसारख्या कायम दुष्काळी जिल्ह्यास हे वरदानच होते. पण भुईमूग-हरभऱ्याची जिराईत शेते गेली आणि उसाच्या भिंती उभ्या राहिल्या. ज्या पक्ष्याला चहूकडे नजर लागते त्याला उसात थारा कोठचा? उरलेल्या माळावर वृक्षारोपणाची लाट आली. ‘झाडे लावा’ हा मंत्र आम्ही शाळेत मुलांकडून शेकडो वेळा म्हणवून घेतला आहे, त्याबद्दल आता थोडी लाज वाटते. माळावर गिरिपुष्पाची झाडे लावली गेली. ती वाढली, दाट झाली, तिच्या सावलीत गवत मेले आणि माळढोक उठून गेला. जंगल म्हणजे झाडेच, ही समजूत सुशिक्षितांची. माळावर वाढलेल्या माणसास विचारले असते तर ही चूक टळली असती. पुढे वनखात्याने ती झाडे काढून पुन्हा गवत आणण्याचे काम हाती घेतले हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र चूक कळावयास कैक वर्षे लागली.

याच्या जोडीस विजेच्या तारा. माळढोकास डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने समोरचे नीट दिसत नाही, आणि अंग जड असल्याने आयत्या वेळी वळताही येत नाही. तार लागते व पक्षी पडतो. राजस्थान व गुजरात येथील अशा मृत्यूंमुळे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ साली तारा जमिनीखालून नेण्याविषयी आदेश झाला. २०२४ साली त्यात फेरबदल करण्यात आला.

नान्नज येथे एके काळी एका गणनेत वीस-पंचवीस माळढोक दिसत. अलीकडील वर्षांत कधी एखादी मादी दिसते, कधी तीही नाही. सबंध जगात मिळून आज ते दीडशेच्या आत-बाहेर उरले असून बहुतेक राजस्थानात आहेत. जैसलमेरजवळ २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढविण्याचे केंद्र चालले आहे, व २०२४ साली कृत्रिम रेतनाने तेथे पिल्लू जन्मास आले. पिल्ले वाढविता येतील, असे यावरून दिसते. ती मोठी झाल्यावर सोडावयाची कोठे, याचे उत्तर मात्र कोणत्याही केंद्रात तयार होणारे नाही. ते नान्नजसारख्या माळावरच तयार करावे लागेल.

माळढोक गेला म्हणून माळ राखण्याचे श्रम फुकट गेले, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरवर काळविटांसाठी अभयारण्य केले. तेथील कळप पाहावयास आज दूरदूरचे लोक येतात. बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले, ५.१४ चौरस किलोमीटरचे, तेथे चिंकारा नांदतो. (१८७५ साली सावकारांच्या वह्या जाळून दख्खनच्या दंग्यास जेथे सुरुवात झाली तेच हे सुपे. आमच्या विद्यार्थ्यांस सुपे म्हटले की दंगा आठवे. हल्लीच्या मुलांस हरीण आठवते.) नान्नजच्या गवतातही काळवीट, खोकड, लांडगा आणि हिवाळ्यात परदेशांतून येणारे भोवत्या ससाणे पुष्कळ आहेत. गवत परत आले की जीव परत येतात, हे या तिन्ही ठिकाणी सिद्ध झाले आहे.

राहिला मेंढक्याचा प्रश्न. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क शब्दांनी मान्य केलेला आहे. परंतु जे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत त्यांना पंचाहत्तर वर्षांच्या, म्हणजे तीन पिढ्यांच्या वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. आपल्या समाजास कोणत्या सूचीत घालावे हा वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही; त्यासाठी या स्मरणिकेत दुसरे अधिकारी लेखक आहेत. आम्ही एवढेच विचारतो की, ज्याने रानात कोठेही वस्तीची खूण ठेवायची नाही अशीच रीत पाळली, त्याने तीन पिढ्यांचा कागद आणावा कोठून? संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष चराऊ रानांचे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने सभा होतील, ठराव होतील. सभेत ठराव मांडण्यास कागद लागतो.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत, जुन्या चराईच्या पावत्या, कोंडवाड्याच्या दंडाच्या चिठ्ठ्या, शेतात मेंढरे बसविल्याबद्दल मिळालेल्या धान्याची टिपणे, अथवा कोणत्या महिन्यात वाडा कोणत्या गावाहून कोणत्या गावास जाई याची आजोबांनी सांगितलेली यादी असेल. या कागदांची नक्कल संघाच्या कार्यालयात द्यावी. ज्यांच्या घरी कागद नसेल त्यांनी घरातील वृद्धांस विचारून वाटेवरच्या कुरणांची नावे, पाणवठे व तेथे कोणते गवत होते हे लिहून काढावे, व शक्य असल्यास कोणत्या रानात हूम ऐकू येत असे हेही लिहावे. आमच्या वडिलांनी सोडवून आणलेल्या मेंढरांची कोंडवाड्याची पावती आम्ही या लेखासोबत दिलीच आहे.